'व्हई जाई' आणि मालतीची घागर

माझी ही फजिती ऐकायची असेल तर आधी हातातला चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. सध्या कसलीच जबाबदारी घ्यायची नाही, असं मी ठरवलं आहे. का, ते कळेलच.

दिवस अगदी साधा होता. नंदुरबारचं उन्हाळ्यातलं ऊन, डोक्यावर पंखा, समोर नववीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका. एका विद्यार्थिनीने 'अतिशयोक्ती'चं उदाहरण म्हणून 'सर म्हणाले पेपर सोपा काढतो' असं लिहिलं होतं. तिला पूर्ण गुण द्यावेत की अर्धे, या विचारात मी असताना फोन वाजला. रेणूचा. माझी मुलगी. कराडला दिली आहे.

"नाना, आखाजीला येतेय. सासूबाई आणि त्यांची बहीणही येताहेत. सुरतेला लग्न आहे त्यांच्याकडचं, वाट वाकडी करून आपल्याकडे जेवायला थांबणार आहेत."

"या की!"

मग तिने आवाज खाली आणला.

"नाना, आईच्या घागरीला विकतचे मांडे ठेवायचे का?"

आता हे जरा सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरतात. वर आंबा, शेजारी आमरस आणि मांड्यांचं पान. मालती, माझी बायको, गेल्या दसऱ्याच्या आधी गेली. ही तिची पहिली घागर.

आणि मांडे म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर अलगद सोडायचा. मालती हे काम असं करायची की वाटे, ओढणी वाळत घालतेय. बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे?

बघणारा मी.

रेणूला काय उत्तर द्यावं ते सुचायच्या आत तिच्या सासूबाईंनी फोन घेतला. बाई मनाने फार चांगल्या. तिथेच घोळ झाला.

"सर, तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका हं. एकटे तुम्ही. आपण हॉटेलातच जेवू."

एकटे तुम्ही! हॉटेलात! मालतीच्या पहिल्या आखाजीला! माझ्या मानेची शीर ताठ झाली.

"ताई, हॉटेल कशाला? मांडे घरी होतील. मी करणार."

"तुम्ही?"

"म्हणजे काय! व्हई जाई!"

झालं. तोंडातून सुटलं.

हा शब्द आमच्या अहिराणीचा. अर्थ सोपा, 'होऊन जाईल'. पण त्याचा वापर सोपा नाही. शिंप्याला विचारा, "शर्ट गुरुवारी मिळेल?" तो म्हणेल, "व्हई जाई!" नळदुरुस्तीवाल्याला विचारा, मंडपवाल्याला विचारा, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला विचारा. "व्हई जाई!" यात 'मी करेन' असं कुठेही नाही, बघा. होऊन जाईल. आपोआप. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसं. बोलणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही आणि ऐकणारा मात्र खुशीत घरी जातो. जेवढं काम अवघड, तेवढा हा शब्द जोरात निघतो.

मी या शब्दाचा घाऊक व्यापारी. गॅदरिंगचं नाटक बसवाल का? व्हई जाई. सहलीची बस बघाल का? व्हई जाई. फक्त घरात माझं दुकान चालायचं नाही. मी "व्हई जाई" म्हटलं की मालती हातातलं काम न थांबवता विचारायची, "कव्हय? अन् कोन?" केव्हा, आणि कोण करणार? एवढंच. तेवढ्यात माझी हवा जायची, आणि मी एक तर कामाला लागायचो किंवा गप्प बसायचो.

त्या दुपारी फोनवर ते विचारायला कुणी नव्हतं.

"अगंबाई, तुम्हाला मांडे येतात?" विहीणबाई.

"इतकी वर्षं चुलीपाशीच तर होतो मी!" हे खोटं नव्हतं. चुलीपाशी खुर्ची टाकून मी पेपर वाचायचो.

"म्हणजे साखरपुड्याला आम्ही खाल्ले, त्यातही तुमचा हात होता?"

मी नुसता हसलो. नुसतं हसणं फार वाईट असतं, त्याचा ज्याला जो हवा तो अर्थ निघतो.

"मग माझ्या बहिणीला शिकवाल? तिला फार हौस आहे. आम्ही व्हिडिओही काढू!"

"व्हई जाई, ताई, व्हई जाई!"

फोन ठेवला तेव्हा मी मांडे करणारा, मांड्यांचा परंपरागत जाणकार आणि मांड्यांचा शिक्षक झालो होतो. कणीक मात्र आयुष्यात मळली नव्हती.

हरभऱ्याची डाळ आणायला कोपऱ्यावरच्या शेठकडे गेलो. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा जास्त नंदुरबारचा.

"मास्तर, बायका मिळतात ना मांडे करायला. चूल घेऊन घरी येतात. बोलावून घ्या."

"नाही शेठ. माझ्या हातचे करायचेत."

"आपके हाथ के?" शेठने तराजू खाली ठेवला. "मग आमच्या घरी पण पाठवा!"

काय म्हणालो असेन मी? बरोबर.

घरी येऊन मोठ्या बहिणीला, आक्काला, जवळच्या कोरीट गावी फोन लावला.

"आक्का, मांडे शिकवायचेत."

"कोनले?"

"मला."

पलीकडे म्हशीचा आवाज आला. मग आक्काचा.

"बापू, पिसन बोली ऱ्हायना का रे?"

"पिऊन नाही बोलत. मालतीच्या घागरीला ठेवायचेत. घरचे."

दुसऱ्या दिवशी आक्का एसटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात दोन पोती होती, भुसा भरून फुगलेली. एकातून तिने भलंमोठं खापर काढलं आणि परसात विटांच्या चुलीवर उपडं घातलं. दुसरं पोतं तसंच उचलून आतल्या खोलीत ठेवलं आणि जाता जाता काहीतरी बोलली. मी तेव्हा पिठाच्या डब्याचं झाकण उघडण्याच्या खटपटीत होतो. लक्ष दिलं नाही. हे लक्षात ठेवा.

मग सुरू झाली माझी शाळा.

"तिंब पीठ. असं गोंजारू नको. पोरेस्ले रट्टा मारतस ना शाळामा, तसा मार!"

"आक्का, हल्ली मुलांना मारायला बंदी आहे."

"मंग पीठले मार. पीठले बंदी नही!"

मी पिठाला मारलं. पिठानेही मला सोडलं नाही. पहिला मांडा पसरता पसरता मनगटावरच्या घड्याळात अडकला आणि काट्यांसकट फिरला. दुसरा खापरावर पडायच्या ऐवजी चुलीत पडला आणि विस्तव विझला. तिसरा मी जरा जोरात झुलवला, तो उडून माझ्याच गळ्यात पडला आणि दोन्ही खांद्यांवरून खाली लोंबू लागला.

"व्हयना का सत्कार?" आक्का म्हणाली. "आते भाषण कर."

पण मी हटलो नाही. सकाळची शाळा सुटली की सरळ चुलीपुढे. हाताचे केस भाजले, कोपराला चटके बसले, उत्तरपत्रिकांवर तेलाची बोटं उमटली. फाटके मांडे शेठकडे जात राहिले, शब्द दिला होता ना! शेठ रोज म्हणायचा, "मास्तर, चव छान, पण हा मांडा आहे की मांड्याचा नकाशा?" मी म्हणायचो, थांबा. जे मालती हसत हसत करायची ते मला रडत रडत तरी आलंच पाहिजे. तिच्या पानावर हॉटेलातला डबा उघडायचा नाही, एवढं पक्कं होतं.

आणि आखाजीच्या आदल्या दिवशी एक मांडा जमला! न फाटता, गोल, पातळ. आक्काने तो भाजण्याआधी माझ्या हातांवरच निरखला.

"आरपार दिसी ऱ्हायनं रे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मालतीनी देखाले पायजे व्हतं."

मी पुढचा उंडा घेतला.

आखाजीच्या सकाळी आक्का पहिल्या गाडीने कोरीटला निघाली. तिच्या घरचीही घागर भरायची होती. निघताना, ती येईपर्यंत चूल पेटवायची नाही, असं बजावून गेली, "दुपारना आत येस मी. तोपावत चुल्हाले हात लावू नको. मी ऊनू म्हणजे करूत. ऐकं का?"

"व्हई जाई," मी म्हणालो.

आता तुम्हीच सांगा, परीक्षेच्या दिवशी सकाळी एकदा वही उघडून बघत नाही का माणूस? मी फक्त एकच मांडा करून बघणार होतो. चूल पेटवली, खापर तापलं, मांडा टाकला, तो मधोमध चिकटला. उलथन्याने खरवडला, निघेना. भांड्याला काही चिकटलं की मी काय करतो? पाणी ओततो. ओतलं. तांब्याभर, गार.

फट्ट!

खापराचे दोन तुकडे. एक चुलीत, एक माझ्या पायाशी.

घड्याळाकडे बघितलं. त्यावर कणीक होती. पाहुणे रात्रीच कराडहून निघालेले, आक्का कोरीटला, आणि आखाजीच्या दिवशी कुंभार कुठे शोधायचा? मी परसात तीन फेऱ्या मारल्या आणि एकदम आठवलं. दुसरं पोतं!

अहाहा! माझी बहीण मला किती ओळखते, बघा! 'हा बापू एक खापर फोडणारच' हे तिने आधीच ताडलं आणि जोडीचं घेऊन आली! डोळे भरून आले हो माझे. पोतं सोडलं, भुसा झटकला. आत छान नवं, लाल, गोल भांडं. जरा लहान होतं. पण आणीबाणीला लहानच ठेवणार ना? मी ते उपडं करून चुलीवर चढवलं.

आणि काय सांगू, मांडे व्हायला लागले! लहान भांडं, लहान मांडा, माझ्या आवाक्यातला. एकही फाटेना. मी गाणं म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. पाहुणे वेळेच्या आधी हजर.

रेणू परसात आली आणि मला बघून जागीच उभी राहिली. अंगात बनियन, कमरेला मालतीचा जुना टॉवेल, हातावर मांडा. मागून विहीणबाई आणि त्यांची बहीण, दोघींच्या हातात मोबाइल उगारलेले.

"अय्या, सर, खरंच करताय!"

"मग? बसा, बसा. शिकायचंय ना?"

"पण साखरपुड्याला मांडे केवढे मोठे होते. हे लहान कसे?"

इथे गप्प बसता आलं असतं. पण इतकी वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस, समोर दोन विद्यार्थिनी. गप्प बसेल?

"हा वेगळा प्रकार आहे, ताई. लहान खापरावरचा. याला माती जवळून लागते, म्हणून गोडी जास्त. मोठ्या खापरावर गोडी पसरते, लहानावर ती मुरते."

"मुरते!" बहिणीने मान डोलावली.

"आणि हे जुनं खापर चालत नाही. कोरंच लागतं. आमच्याकडे ही पद्धत फार थोड्या घरांत राहिली आहे."

फार थोड्या म्हणजे एका. आणि त्या घरातही त्या दिवशी सकाळपासूनच.

रेणू चुलीकडे बघत होती, भांड्याकडे वाकून बघत होती. मला वाटलं, लेकीला बापाचं कौतुक वाटतंय.

तेवढ्यात आक्का आली. एका हातात आंबे, काखेत डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज, डोक्यावर पदर. पाहुण्यांना "रामराम" केलं, आत गेली, आणि आतूनच ओरडली,

"बापू, घागर कोठे शे रे? पोतं रिकामं कसं?"

"कोणती घागर?"

आक्का परसात आली. आधी तिने फुटलेल्या खापराचे तुकडे बघितले. मग चूल बघितली. मग मला.

"घागर रे! मालतीनी! मी सांगं व्हतं ना तुले, खापर चुल्हाले अन् घागर आखाजीले!"

मोबाइल चालूच होते.

"तू तुन्ही बायकोनी घागर चुल्हावर उपडी टाकी दिनी का रे?"

आता मला ते दिसलं. राखेत रुतलेली मान, खाली गेलेले काठ, आणि वर काळंठिक्कर झालेलं घागरीचं गोल बूड. त्यावर माझा मांडा छान फुगत होता.

एक पान, एक घागर, एवढंच तर नीट करायचं होतं! सगळं आयुष्य जिला 'व्हई जाई' ऐकवलं तिच्या पाण्याच्या भांड्याखाली मी जाळ घातला होता.

आणि मग एक आवाज आला. रेणू. आधी वाटलं रडतेय. पण ती हसत होती. भिंतीला टेकली, खाली बसली, पोट धरून हसत राहिली. आई गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"माती जवळून लागते!" ती म्हणाली. "नाना! गोडी मुरते!"

मग विहीणबाई हसल्या, त्यांची बहीण हसली, आणि शेवटी आक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हलायला लागली.

"आता काय करायचं, आक्का?" मी विचारलं. "शेठच्या पाणपोईवर नवे माठ आहेत. एखादा मागून आणू?"

आक्काने फडक्याने घागर उतरवली, खाली ठेवून फिरवून फिरवून बघितली.

"कसाले आनस? हाईच भरूत. काळी व्हयनी ते व्हयनी. मालतीले लगेच वळख पटी, की हाई मन्हाच घरनी शे. दुसराना घरमा असं कोनी करी का?"

घागर धुतली. निघेल तेवढं काळं निघालं, बाकीचं राहिलं. भरून पाटावर ठेवली. वर आंबा, शेजारी डांगर, आमरस, आणि तिच्यावरच भाजलेले मांडे. मी हात जोडले. आणि टप्. परत टप्. जाळाने बुडाला बारीक चीर गेली होती. रेणूने उठून खाली परात सरकवली.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, हे पाणी ठिबकणं... हीसुद्धा पद्धत आहे का?"

मी तोंड उघडलं.

"नाना!" रेणू म्हणाली.

मी तोंड मिटलं.

मांडे मात्र चांगले झाले होते. आक्का म्हणाली, "मालतीना पासंगले पुरतीन असा नहीत, पन शेतस." 'शेतस' म्हणजे आहेत. एवढं प्रशस्तिपत्रक मला पुरे. शेठच्या घरीही पान गेलं. न फाटलेलं.

मी त्याच दिवशी ठरवलं, तो शब्द बंद. दुकानाला कुलूप.

पाहुणे सुरतेचं लग्न आटोपून कराडला परतले. रेणू माहेरी राहिली होती. दोन-तीन दिवसांत विहीणबाईंचा फोन.

"सर, तुमच्या पद्धतीने कोऱ्या माठावर मांडे केले आम्ही! माठ फुटला, पण काय गोडी मुरली होती!"

"ताई, अहो, ती घागर होती. तुमच्यासमोरच तर..."

"ते कळलं हो! पण पद्धत चांगली आहे. आमच्या महिला मंडळाला व्हिडिओ फार आवडला. पुढच्या वर्षी तुम्ही कराडला येऊन सगळ्यांना शिकवायचं. मोठ्या खापरावरचेही, लहानावरचेही. येणार ना?"

सांगा, काय म्हणायला हवं होतं? 'नाही जमणार.' दोन शब्द. शुद्ध मराठी. मी मराठीचाच शिक्षक.

"व्हई जाई, ताई! व्हई जाई!"

फोन ठेवून वळलो तर दारात रेणू. हातात ताट, ताटात निवडायची मेथी. हात न थांबवता तिने विचारलं,

"कव्हय? अन् कोन?"

मी बसलो खुर्चीत.

तिने मेथीची काडी मोडली आणि मान वर करून पोर्चच्या छताकडे बघितलं. मालतीला आखाजीच्या झोक्यासाठी तिथे एक लोखंडी कडी बसवून हवी होती. दर वर्षी म्हणायची. दर वर्षी मी काय म्हणायचो ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. या एका कामाचं 'कव्हय' विचारणं तिने पुढे सोडून दिलं होतं.

"आणि ती, नाना?" रेणूने विचारलं.

या वेळी मी काही बोललो नाही. उठलो, बाजारात गेलो, चांगली जाड कडी घेऊन आलो. ड्रिल मशीन शेठकडून आणून ठेवलं आहे.

कडी खिडकीत आहे. अजून बसवलेली नाही.